रुसलेल्या भावाच्या वाटचे रोट

आम्हा खानदेशी लोकांना परके पटकन आवडतात, भाऊबंद मात्र पारखून घ्यावे लागतात. लिंबायतच्या लोटूने पोरीच्या लग्नात शेजारच्या गुजराती जयंतीभाईंना शाल दिली आणि कडोदऱ्याच्या चुलतभावाला, आनंदाला, टॉवेल. तोही असा, की नाक पुसायला पुरेना. आनंदा जो रुसला, तो रुसलाच. येणंजाणं बंद.

श्रावणात घरी कानबाई देवी बसली. तिच्या प्रसादाच्या जाडजूड पोळ्यांचे, म्हणजे रोटांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने मोजतात. लोटूची बायको धुरपदाबाई हिने आनंदाच्या अख्ख्या खटल्याच्याही मुठी टाकल्या.

लोटू तडकला, "त्यासले कशाले मोजं?"

"रुसेल शे, मरेल नई!"

झाले रोटांचे डोंगर. ते खायचे फक्त भाऊबंदांनी, आणि संपवायचे पुनवेच्या आत. लोटूने रोट दुधात कुस्करले, चहात बुडवले, कारखान्यात कापडाचा लूम चालू ठेवून उभ्या-उभ्या चावले. ढीग हलेना. जयंतीभाई रोज दारात येऊन म्हणत, "लावो ने, अमे मदद करीए!" पण शालीचे मानकरी झाले तरी भाऊबंद थोडेच?

पुनव उद्यावर आली. "तुकडा उरना तरी देवी कोपी," म्हणत धुरपदाबाईने थैला मोटरसायकलला बांधला. "जाय आते कडोदराले!"

लोटू तोंड पाडून निघाला. सारोलीजवळ चहाच्या टपरीवर बघतो तर आनंदा उभा. त्याच्याही स्कूटरवर थैला.

"कोठे चालना?"

"तुनाकडेच."

"थैलामा काय शे?"

आनंदाने मान खाली घातली. "तुन्ही वहिनीनी तुमन्या बी मुठी टाक्यात ना भो!"

दोघं बाकड्यावर बसले. एकमेकांचे थैले सोडले. लोटूने आनंदाच्या घरचा रोट दाताखाली धरला.

"रोट शे का इट?"

"तुना टॉवेलपेक्षा मोठा शे ना? खाय!"

लोटू इतका हसला की घास घशात अडकला. आनंदाने त्याच्या पाठीवर धपाटे घातले, गरजेपेक्षा दोन-चार जास्तच.

दोघं पोट फुटेस्तोवर जेवले, तरी थैले अर्धे भरलेलेच. मग लोटूला बारडोलीचे उखाआबा आठवले. भाऊबंदकीत सगळ्यात थोरले, पण पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून तेही रुसलेले.

"चाल, आबाले दी येऊत!"

आनंदाने स्कूटरला किक मारली, आणि लगेच बंद केली.

"लोटू, आबानी बी आपले मोजं व्हई तं?"

दोघं गुपचूप परत बाकड्यावर बसले. लोटूने टपरीवाल्याला हाक मारली, "आजून दोन चहा," आणि रोटाचा नवा तुकडा मोडला.