कोटाला लटकलेली कवळी

मी एक जुनी कवळी आहे, वरच्या दातांची. हसू नका, मित्रांनो! तुमचे दात जागेवर आहेत म्हणून तुम्हाला हसू येतंय.

माझे मालक टेलरमास्तर. उभं आयुष्य त्यांनी दोरा दातांनी तोडला. कात्री हाताशी असायची, पण ती उचलायचा कंटाळा. पुढचे दात झिजले, बाकीचे हयगयीने पडले आणि माझी वर्णी लागली. जबड्याचा साचा घेऊन एका कारागिराने मला घडवलं. मास्तरांनी मला उलटसुलट पाहिलं आणि फिटिंग बरं आहे म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती म्हणजे डोक्यावरून पाणी.

दिवसा तोंडात, रात्री वाटीतल्या पाण्यात, असं आमचं बरं चाललं होतं. मास्तर बोलायचे भरपूर, पण हसताना मी निसटेन म्हणून तोंडावर हात धरायचे. पुढे त्यांच्या हिरड्या आक्रसल्या आणि मी सैल झाले. शहाण्या माणसाने डॉक्टर गाठला असता. पण आमचे मास्तर पडले शिंपी! सैल झालं की आत घ्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी मला उकळत्या पाण्यात बुडवलं आणि कॉलर दाबावी तसं बोटांनी दाबलं. मी अशी वाकडी झाले की एकीकडे बोचायचे आणि दुसरीकडे अधांतरी राहायचे.

दुसऱ्याच दिवशी एक वकीलसाहेब कोट घालून बघायला आले. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. मास्तरांनी वकिलांच्या अंगावरच बटण पक्कं केलं, वाकले आणि सवयीने दोरा दातांत धरून हिसका दिला. दोरा माझ्या दोन दातांत अडकला. तो काही तुटला नाही, मीच बाहेर आले आणि वकिलांच्या पोटावर लोंबकळू लागले. वकिलांनी आरशात पाहिलं.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "हे बटण मी सांगितलं नव्हतं."

गिऱ्हाइकांची हसून हसून पुरेवाट झाली. मास्तर तोंड झाकून मागच्या दाराने घरी गेले. मला सोडवलं त्यांच्या भागीदाराने, मेलेला उंदीर धरावा तसं चिमटीत धरून.

त्यानंतर मास्तर दुकानाची पायरी चढेनात. गप्पांसाठी लोक ज्यांच्याकडे मुद्दाम कपडे शिवायला टाकत, ते घरात मुके होऊन बसले. मशीनवर धूळ साचली. मास्तरीणबाईंनी काही दिवस वाट पाहिली, मग एका सकाळी त्यांचा शर्ट पुढे केला.

"अहो, दात गेले म्हणून जीभही गहाण टाकलीत का? उठा."

त्या मास्तरांना थेट दातांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं आणि हिला इस्त्री कोणी केली ते विचारलं. मास्तर छताकडे बघत राहिले. मग बाईंनी इम्प्लांटचं सांगितलं. जबड्याच्या हाडात छोटे स्क्रू बसवायचे, हाडाने ते घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्यांच्यावर पक्के दात. सगळ्यांनाच ते जमतं असं नाही, पण मास्तरांचं हाड तपासणीत चांगलं निघालं. म्हणजे माझी गच्छंती ठरली. तरी मधले महिने माझ्यावाचून चालणार नव्हतं. माझी डागडुजी झाली, आतून मऊ अस्तर लागलं आणि सवतीसाठी घर राखावं तशी मी जागा राखत बसले.

नवे दात बसले. मास्तर दुकानात निघाले, पण विश्वास बसेना, म्हणून मला डबीत घालून खिशात घेतलं. दुकानात सगळे जपून बोलत होते. तेवढ्यात एका नवख्या गिऱ्हाइकाने विचारलं, की मास्तर इतके दिवस होते कुठे? भागीदार खोकला. सगळे खाली बघू लागले.

मग मास्तरांनी स्वतःच ती सगळी गोष्ट सांगितली, मला उकळलं तिथपासून कोटापर्यंत, तिखटमीठ लावून. हसण्याआधी त्यांचा हात सवयीने तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

मित्रांनो, दात घासा, दोरा कात्रीने कापा आणि माझ्यासारखी कुणी नशिबी आलीच, तर तिच्यावर घरी शिवणकाम करू नका. आता मी डबीतच असते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण इतकी वर्षं मी मास्तरांच्या तोंडात काढली आणि त्यांचं मोकळं हसणं पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या खिशात बसून.