तक्ता मोडला तेव्हा

ऑफिसात तिला सगळे हट्टीताई म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. जिन्यात घसरून उजवा हात मोडला, तरी प्लास्टरसकट बाई खुर्चीत हजर. साहेब मायेनेच म्हणाले, घरी आराम कर, तुझा प्रोग्रॅम चष्म्याकडे देतो. शेजारच्या टेबलावरचा हा चष्म्या भला माणूस. पण पोटच्या पोरासारखा वाढवलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हवाली करायचा, हे तिला मान्य नव्हतं. एका हाताने त्यातल्या सगळ्या चुका काढून दाखवते, म्हणत तिने संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

प्रोग्रॅमचा कोड नीटनेटका आहे का हे तपासणारा चेकर साहेबांनी स्वतः लिहिलेला. चुका दाखवायचा तो चौकटी आखलेल्या देखण्या तक्त्यात. तक्त्यात ओळीचा नंबर बघायचा, मग कोड लिहायच्या एडिटरमध्ये जाऊन ती ओळ हुडकायची, की परत तक्ता. धडधाकट माणूस मेटाकुटीला यायचा, तिथे एका हाताची काय कथा! बहुतेकांनी तर चेकर बंदच करून टाकला होता.

तिने चेकरचा कोड उघडून थेट तक्त्यालाच हात घातला. चौकटी उडवल्या आणि एका चुकीला एकच ओळ ठेवली: फाइलचं नाव, ओळीचा नंबर, तक्रार. अशी साधी ओळ एडिटरला वाचता येते. बटण दाबलं की कर्सर थेट चुकीवर.

पण कर्सर दर वेळी एक ओळ वर जाऊन बसू लागला. तिने आधी स्वतःला, मग एडिटरला शिव्या घातल्या. मग उजेड पडला. साहेबांचा चेकर शून्यापासून मोजत होता आणि एडिटर एकापासून. इतके दिवस माणसं नजरेनेच सांभाळून घेत होती. तिने चेकरच्या प्रत्येक नंबरात एक मिळवला आणि डाव्या हाताने चुकांचा फडशा पाडायला बसली.

संध्याकाळी साहेब चष्म्याला घेऊन आले. पडद्यावर चेकरची एकही तक्रार उरली नव्हती.

"चेकर बंद केलास ना?" साहेबांनी विचारलं.

तिने साहेबांची स्वतःची फाइल उघडली, चेकर चालवला आणि त्यांना बटण दाबायला सांगितलं. कर्सर एका चुकीवर गेला. पुन्हा दाबलं, दुसरीवर. साहेब दाबत राहिले आणि हळूहळू तिच्याच खुर्चीत टेकले.

"चष्म्या, तू जा. हिचं काम हिच्याकडेच राहील," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आणि ताई, तू दुसरी खुर्ची घे. माझ्या चुका बऱ्याच निघणार आहेत."

दिवसभर आवरून धरलेलं रडू तिला आत्ता फुटलं.