रोज की एकदाच?

“लहानपणी तू रोज काय करायचीस, म्हणे! मी रोज काय करायचे हे मला काय ठाऊक? मी लहान होते!”

लेक माझ्या कापायच्या टेबलाखाली बसून पुटपुटत होती. दहावीत गेली तरी अभ्यास टेबलाखालीच. वरून पडद्याचं कापड लोंबत असतं, त्याच्या आडोशाला तिचं डोकं चालतं म्हणे. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी नुसतं ‘हं’ केलं.

उद्या तिची फ्रेंचची तोंडी परीक्षा. विषय आधीच सांगून ठेवलेला: ‘मी लहान होते तेव्हा’. फ्रेंच मीही शिकते आहे, तिच्याच पुस्तकातून, ते मशीनला टेकवून. पूर्वी नेहमी जे घडायचं, ते सांगायला त्यांच्याकडे एक वेगळा भूतकाळ आहे. मला तो लगेच आवडला, कारण तो शिवणकामासारखा आहे. ‘आम्ही बोलतो’ हे रूप घ्यायचं, नू पार्लों. त्याची ‘ओं’ची किनार उसवायची आणि नवी लावायची. झ पार्ले, मी बोलायचे. तू पार्ले, तू बोलायचीस. एल पार्ले, ती बोलायची. कापड तेच, किनार नवी. ‘असणे’ तेवढं हट्टी, त्याचं माप वेगळं घ्यावं लागतं. आणि एकदाच घडून गेलेली गोष्ट या भूतकाळात बसत नाही. तिच्यासाठी दुसरा आहे.

“चल, मी परीक्षक,” टाचण्या काढून मी म्हटलं. “बोला, बाईसाहेब.”

टेबलाखालून घसा खाकरल्याचा आवाज आला. “काँ झेते पतीत, झावे अं शव्हाल ब्लां.”

“काय म्हणते ही?” कोपऱ्यातून प्रश्न आला. तिथे आमचे हे माझं जुनं मशीन उघडून बसले होते. शिलाई मशीनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. माझं दुरुस्त करायला आले आणि माझेच झाले. मशीन अजून कुरकुरतंय.

“मी लहान होते तेव्हा माझ्याकडे पांढरा घोडा होता,” मी सांगितलं.

“घोडा? आपल्याकडे कधी होता घोडा?”

“फ्रेंचमध्ये होता, बाबा.”

“घोडी तर आहेच की, टेबलाखाली,” मी म्हटलं.

लेकीने आतून माझ्या पायाला चिमटा काढला. पण घोड्यानंतर शेत आलं, शेतानंतर समुद्रावरचं आजोळ आलं, आणि मला हसू येईना. सगळं पुस्तकातलं उचललेलं. स्वतःचं एक वाक्य नाही.

कारण मला माहीत होतं. तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मी या घरात आले तेव्हा सात. मला ती मावशी म्हणते. तिच्या आईचं नाव निघालं की तिची आत्या माझ्याकडे बघते, हे खाली बघतात, आणि लेक दोघांकडे बघते. सगळे मला जपतात. मी काही काचेची बरणी नाही, पण हे कुणाला आणि कसं सांगायचं? मग मीही गप्प बसायचे. सोयीचं होतं, नाही कशाला म्हणू?

पुस्तकातला पुढचा प्रश्न मी आठवडाभर ओलांडत आले होते. पण उद्याची परीक्षक तो थोडाच ओलांडणार? मी विचारला.

“व्होत्र मेर, एल एते कॉमाँ?”

तुमची आई कशी होती? यांना फ्रेंच येत नाही, पण ‘मेर’ म्हणजे काय हे घरात एव्हाना भिंतींनाही कळलं होतं. हे उठले. “तेलाची कुपी कुठे गेली बघतो,” म्हणाले.

मग लेक पडदा बाजूला सारून बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली.

“मावशी, मला एकच गोष्ट आठवते,” ती मराठीत म्हणाली. “कुणीतरी मला उचललंय. समोर दिव्याचं काळं बटण आहे. मी ते दोन्ही अंगठ्यांनी दाबते आणि सगळी खोली पिवळी होते. मग कुणीतरी माझ्या कानाशी हसतं. बस, एवढंच.”

“मग हेच सांग की उद्या.”

“कसं सांगू? रोज व्हायचं की एकदाच झालं, ते मला माहीत नाही. आणि उचललं कुणी तेही माहीत नाही. शेजारच्या काकूंनी असेल. तुला माहीत आहे का?”

“मी नव्हते गं तेव्हा.”

हे दारापर्यंत पोचले होते.

“अहो,” मी म्हटलं, “कुपी तुमच्या खिशात आहे. नेहमी तिथेच असते. बसा.”

ते बसले नाहीत. उभ्यानेच माझ्याकडे बघत राहिले, परवानगी मागितल्यासारखे. मला एकदम त्यांची दया आली आणि स्वतःचा रागही. “माझ्यासाठी थांबू नका,” मी म्हटलं. “मलाही ऐकायचंय.”

ते परत येऊन मशीनसमोर बसले. कुपी काढली, तेलाचा एक थेंब सोडला, चाक हाताने सावकाश फिरवलं. हे मशीनकडेच बघत बोलले.

“रोज.”

चाक अजून एकदा फिरलं.

“अंधार पडायला लागला की तू बटणाखाली जाऊन उभी राहायचीस, हात वर करून. मी घाईत दिवा लावला, तर ती तो विझवायची आणि तुला उचलून परत लावायला लावायची. मला ओरडायची, ‘तिचं काम आहे ते.’ शेजारच्या काकू नव्हेत गं, बाळा. तुझी आई. तुझी आई उचलायची तुला, रोज.”