अर्ध्या वाटेतली ओटी

आमची गल्ली सांगलीत नदीच्या अंगाला आहे. दर जूनमध्ये मी एक पिशवी भरून दाराशेजारच्या खुंटीला अडकवतो. आधार कार्डं आणि घराचे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, पंधरा दिवसांच्या गोळ्या, बॅटरी, फुटाणे, गूळ, एक शिट्टी. मी चाळीस वर्षं वाचनालयात नोकरी केली. वस्तू जागच्या जागी ठेवणं मला जमतं. माणसांना काही सांगणं जमत नाही.

एकोणीस सालीही पिशवी भरलेली होती. पुलापाशी मोजलेल्या पाण्याचा आकडा सकाळी आठला कळला, तेव्हाच मला उमगलं की दुपारपर्यंत रस्ता बंद होणार. पण माझी बायको बनाबाई सूप घेऊन उंबऱ्यात बसली होती. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. पूर आला की कृष्णामाई माहेराला आली असं आमच्याकडे मानतात, आणि पाणी पायरीला लागलं की बायका तिची ओटी भरतात. त्याच्या आधी नाही. दारात न आलेल्या माहेरवाशिणीची ओटी कशी भरणार?

मी "निघूया का" एवढं एकदाच म्हणालो, तेही हळू. पाणी आलं, ओटी भरून झाली, आणि तासाभरात गल्ली बुडाली. दोन दिवस गच्चीवर काढले. माझी थोरली बहीण, आक्का, आमच्याकडेच असायची. तिचं इन्सुलिन खाली फ्रिजमध्ये राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी होडी आली. आक्का दवाखान्यात गेली, ती परत आली नाही.

"त्यांची वेळ भरली हुती," बनाबाई म्हणाली. मी गप्प राहिलो. पाणी कधी चढणार ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. दोष कुणाचा, हे मला अजूनही ठरवता येत नाही. खरं तर ठरवता येतं, असंही कधी कधी वाटतं.

एकवीस साली पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही रहिमतपूरला, बनाबाईच्या भावाकडे होतो. परत आल्यावर तिनं चिखलाकडे पाहिलंही नाही. माई दारात येऊन ओटीविना गेली, याचंच तिला लागलं.

गेल्या ऑगस्टात पाणी पुन्हा चढायला लागलं. आमची मुलगी दीपमाला विश्रामबागेत राहते, तिकडे पाणी येत नाही. तिनं सकाळीच ओळखीच्या उदयसिंहला रिक्षा घेऊन पाठवलं. बनाबाई सूप घेऊन उंबऱ्यात.

"आवं, तुमी व्हा म्होरं. मी ओटी भरून येते."

"रिक्षा थांबलीय, बना."

"थांबू दे की. च्या पाजते त्याला."

"नंतर पाण्यातून चालावं लागेल. तुझे गुडघे..."

"गुडघ्यानं ओटी भरत्यात व्हय?"

उदयसिंह हसला. मी नेहमीप्रमाणे मागे सरणार होतो. पण उंबऱ्यात त्याच जागी बसलेली ती, आणि आत आक्काची रिकामी कॉट. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुस्तकात वेगळं दिलंय."

"कंच्या?"

बनाबाई दुसरीपर्यंत शिकली, आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू. पण छापलेल्या शब्दावर तिचा फार विश्वास. मी कपाटातून हाताला आलं ते पुस्तक काढलं. ग्रंथांच्या वर्गीकरणाचं जुनं पाठ्यपुस्तक होतं. मधलंच पान उघडून मी वाचू लागलो, "माई लांबून चालत येते, दमते. तिला दारापर्यंत चालवू नये. अर्ध्या वाटेत सामोरं जाऊन ओटी भरावी."

पुस्तकाच्या नावावर मी जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो.

तिनं सुपातला नारळ सरळ केला आणि म्हणाली, "व्हय, दमत आसंल. डोंगरातनं येती बिचारी. ह्ये कुणी सांगितलंच न्हाई आमास्नी."

तिनं सूप उचललं. चौकाच्या उतारावर पाणी आलेलं होतं. उदयसिंहनं तिला धरून उतरवलं, तिनं ओटी भरली, हात जोडले. दुपारच्या आत आम्ही दीपमालाकडे पोचलो.

पाणी त्या वेळी आमच्या दाराशी आलंच नाही. चौकात थांबलं आणि दोन दिवसांनी ओसरलं.

यंदा जूनमध्ये शेजारच्या चंद्राबाई आल्या. "भावजी, तुमच्या पुस्तकानं लय काम केलं बघा. आमी बायकांनी ठरवलंय, पाणी चढाय लागलं की चौकात जाऊन ओटी भरायची. माई तितनंच माघारी फिरती. मग घर कशाला सोडायचं? गेल्या साली पाणी चढलं तवा शाळेत सतरंजीवर निजून माजी कंबर धरली."

"म्याच सांगितलं समद्यांस्नी," बनाबाई कौतुकानं म्हणाली.

एका बाईला घराबाहेर काढायला बोललेलं खोटं आता अख्ख्या गल्लीला घरात बसवणार होतं. खरं सांगावं, तर सगळ्या पुन्हा उंबऱ्यात वाट बघत बसणार, आणि बनाबाई माझा एक शब्दही पुन्हा मानणार नाही. गप्प बसावं, तर गप्प मी एकोणीस सालीही बसलो होतो.

मी पुस्तक आणलं. "पुढचं राहिलंय," म्हणालो, आणि शक्य तितक्या मोठ्यानं वाचलं, "ओटी घेऊन माई घर बघायला येते. तिला घर मोकळं द्यावं. तिची पावलं माघारी फिरेपर्यंत कुणी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये."

चंद्राबाईंनी हात जोडले. बनाबाईनं मात्र माझ्याकडे नजर लावली.

"मागल्या खेपेला ह्ये न्हाई वाचलं."

"पानं चिकटली होती," मी म्हणालो. "पुराच्या पाण्यानं."

तिच्या धूसर डोळ्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता, कोण जाणे. मग ती चंद्राबाईंकडे वळली. "ऐकलंस न्हवं? कंबर दुकती तर गादी घिऊन जा शाळंत. पर जायाचं."

"पुन्यांदा वाचा, भावजी," चंद्राबाई म्हणाल्या. "पाठ करते. सगळ्यास्नी सांगाय पायजे."

मी पुन्हा पानाकडे पाहिलं आणि वाचलं. या वेळी मी "मोकळं ठेवावं" म्हणालो.

"मोकळं द्यावं," बनाबाईनं मला दुरुस्त केलं.