पाचव्या शीलाला येणारा खोकला

बाबांना दर रविवारी विहारात एकाच ठिकाणी खोकला येतो, हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले.

आमच्या डोंगरकडा गावात रविवारी सकाळी वंदना होते. बाबा पुढे बसून पंचशील सांगतात, बाकीचे मागून म्हणतात. चार शीलं त्यांच्या स्वच्छ आवाजात होतात. पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं, आलं की ते खोकतात, तांब्या जवळ ओढतात आणि शेजारच्या नीलाबाई ती ओळ स्वतःच पुढे नेतात. सगळे त्यांच्या मागून म्हणतात. बाबांकडे कुणी बघत नाही. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आहे. खोकला ओळ बघून येत नाही एवढं मला कळतं.

घरी मात्र मी भलतंच मोजत होते. बाटलीवर पेनाने खुणा करून बाबा किती पितात ते पाहायचे. प्रमाण फारसं वाढलंच नव्हतं. बदलली होती वेळ. पहिला घोट संध्याकाळवरून दुपारी आणि दुपारवरून सकाळी सहाला आला होता. हात थरथरायचे ते पिण्याआधी. प्याले की थांबायचे. जळालेल्या पाणमोटारींना नवी तार भरणं हा बाबांचा धंदा. हात थांबावेत म्हणूनच घेतो, असं ते सांगायचे, आणि ते खरंच होतं.

दिवाळीनंतर आईने आणि मी घरातच दारू बंद करायचं ठरवलं. बाबाही तयार झाले. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाईना. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. "इतक्या वर्षांची सवय घरात एकदम तोडली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो," ते म्हणाले. "नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवा. तोवर मनानं बंद करू नका."

बाबा घरी आले आणि म्हणाले, "हरभऱ्याचं पाणी चालू हाय. मोटारी येऊन पडल्यात. हंगाम होऊ द्या, मग जातो."

"मागल्या हंगामातबी हेच म्हणले तुमी," आई म्हणाली.

घरी आल्यावर तिसऱ्याच सकाळी सहाला बाबांनी परत बाटली उघडली.

त्या रविवारी वंदना संपली आणि बाबा चपला शोधू लागले तेव्हा नीलाबाई म्हणाल्या, "रामजी, बस जरा."

"दुकान उघडायचंय, अक्का."

"उघड की. पण पोळ्यापासून तुझं पाचवं मीच म्हणून राहिले. व्हय का न्हाई?"

बाबा सतरंजीच्या कडेला टेकले.

"माझंबी वय झालं. दोघांचं म्हणायला दम पुरत न्हाई मला."

मागे कुणीतरी हसलं. बाबाही कसंनुसं हसले. मग खाली बघून म्हणाले, "तोंडाला वास असताना कसं म्हणू, अक्का? खोटं होते ते."

"म्हणूनच बसवलं तुला. आज तुला खोटं म्हणवत न्हाई. उद्या बेधडक म्हणायला लागलास, तर मग मी कोणाला सांगायला येऊ? आत्ता जा. हंगाम दर साली येते."

मी अंगठ्याने सतरंजीची गाठ सोडवत बसले होते. केंद्रात कधी न्यायचं, याचं उत्तर मी बाटलीच्या खुणांमध्ये शोधत होते. नीलाबाईंनी ते पाचव्या शीलाला बाबांच्या गप्प बसण्यात पाहिलं होतं.

"पोरी, त्या केंद्राचा फोन हाय का तुझ्याकडं?" बाबांनी विचारलं.

मोटारींचं काय, हा प्रश्न साजीदभाईंनी मिटवला. बाबांच्या शेजारी त्यांचं पाइपांचं दुकान आहे. "चाचा, तुमी भरलेल्या दोन मोटारी याच आठवड्यात परत आल्या," ते म्हणाले. "तुमी गेलात तर गिऱ्हाईक मला पेढे देईल." सगळ्या मोटारी त्यांनी दुसऱ्या कारागिराकडे पाठवल्या आणि सोमवारी आम्हाला स्वतःच्या गाडीने नांदेडला नेलं.

केंद्रातल्या बाईंनी विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सपना, तूच सांग. तुझं बराबर राहते."

"पाच चाळीस," मी म्हणाले. "साधारण नव्वद मिली."

बाबांनी मान हलवली. बाईंनी लिहून घेतलं. आत जाताना बाबांनी आईला फक्त "जेवून घे" एवढं सांगितलं.

महिन्यानंतर काय होईल ते मला माहीत नाही. केंद्रातल्या डॉक्टरांनीही हमी दिली नाही आणि ते मला आवडलं. परतताना अर्धापूर यायच्या आत आई माझ्या खांद्यावर झोपली. दिवसा झोपलेली आई मी आठवणीत पहिल्यांदाच पाहत होते. आरशात बघून साजीदभाईंनी गाणं बंद केलं आणि खड्डे चुकवत गाडी हळू घेतली. घरी पोचायला आम्हाला अर्धा तास जास्त लागला.