सिराक्यूजची खाण

देवरावांनी चाचपून कॅसेट मशीनमधून ओढली, तशी तिची फीत लांबच लांब हातात आली. आत कुठंतरी ती गुंतली होती. तुटू नये म्हणून त्यांनी सगळं तसंच टेबलावर ठेवून दिलं. कॉलेज दिवाळीनंतर उघडणार. सर भेटतील तेव्हाच काय ती दुरुस्ती.

काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा ते नागपूरच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. बायको त्याआधीच गेली होती. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी बी.ए.चा फॉर्म भरला आणि इतिहासाच्या सरांनी प्राचीन ग्रीसवरची वर्गातली व्याख्यानं त्यांच्यासाठी टेप करून दिली. मागच्या वर्षी त्या पेपरात ते नापास झाले, म्हणून यंदा पुन्हा पहिल्यापासून ऐकणं सुरू होतं. रोज दुपारी इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या एका खोलीत टेपमधली बाकं सरकत, कोणी खोकत असे, सर प्रश्न विचारत. देवराव मोठ्यानं उत्तर देत. टेपमधले सर दुसऱ्याच कोणाला तरी “शाब्बास” म्हणत.

चार दिवस खोली गप्प होती. पाचव्या दिवशी दारात बांगड्या वाजल्या.

“भाऊ, मशीन काहून बंद हाय जी?”

शेजारच्या प्रयागबाईचा आवाज. भिंतीपलीकडे ती दुपारभर विड्या वळत बसे. इतक्या वर्षांत या दाराशी कधी आली नव्हती.

“बिघडली बाई. तुमाले आवाजाचा तरास होत होता काय?”

“नाई. मी आयकून राहिली होती.” ती म्हणाली. “त्या खाणीतल्या पोराईचं काय झालं मंग?”

देवरावांना क्षणभर कळेना. मग आठवलं. फीत अडकली तेव्हा सर सिसिलीच्या मोहिमेवर बोलत होते. अथेन्सचं सैन्य हरलं होतं. हजारो कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत उघड्यावर कोंडले होते, माणशी दिवसाला पेलाभर पाणी.

“माहा पोरगा नत्थू चांद्याकडं कोळशाच्या खाणीत गेला,” ती म्हणाली. “दोन वर्सं झाले. चिठ्ठी नाई.”

पुढचं सगळं देवरावांना पाठ होतं. त्यांनी टेबलावरची फीत बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“काही जण वापस आले,” ते म्हणाले. “त्याईले नाटकातले गाणे पाठ होते. तिथल्या लोकाईले ते आयकाचा लय शौक. ज्यानं गाणं म्हटलं, त्याले सोडून देल्लं.”

ही दंतकथाही असू शकेल, असं सर लगेच पुढे म्हणाले होते. खाणीत किती मेले, तेही. देवरावांनी त्यातलं काही सांगितलं नाही.

 प्रयागबाई उंबऱ्याशी खाली बसल्याचं त्यांना कळलं.

“नत्थू दंडारीत गाये,” ती म्हणाली. “गावात दंडारीचा खेळ उभा राहिला का रातभर गाये.”

“कोणतं गाणं?”

तिनं घसा साफ केला आणि अगदी हळू सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला विसरली.  तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं.