गाडीचे गेलेले दीड इंच

दचकू नका, मीच बोलतेय. दाराशी उभी असलेली, काळी, वेटोळ्यावेटोळ्यांची. मी एका छोट्या, चपळ गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावरची स्प्रिंग. म्हणजे, होते. गाडीची स्प्रिंग शिंप्याच्या खोलीत काय करतेय, असं तुम्हाला वाटत असेल. सुरुवातीला मलाही तेच वाटायचं.

माझा जन्म कारखान्यातला. एक सरळसोट सळई होते मी. लालबुंद होईपर्यंत तापवलं, गोल दांड्यावर गुंडाळलं आणि तेलात बुचकळलं. लहानपणी सगळ्यांनाच वळण लावतात, मला जरा जास्तच लावलं. मग काळा रंग दिला, दाबून दाबून परीक्षा घेतली आणि गाडीखाली रवानगी केली.

आम्ही चौघी बहिणी. पुढच्या दोघी उंच, मागच्या दोघी बुटक्या आणि अंगाने भरलेल्या. एकाच गाडीखाली राहूनही आम्ही कधी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच आला नाही. काम एकच, खालून खड्डा आला की तो वरच्यांना कळू द्यायचा नाही. गाडीतले लोक म्हणायचे, "काय छान रस्ता आहे!" रस्ता कसला छान, छान आम्ही होतो. पण गाडीखालच्यांचं कौतुक करायला वाकतो कोण?

आमची मालकीण जमिनीच्या मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढते. एकटी कमावती, घरात ती आणि तिचे वडील, अप्पा. अप्पांनी चाळीस वर्षं शिलाई मशीन पायाने चालवली. त्या मशीनने घर चालवलं, लेकीला शिकवलं आणि जाता जाता अप्पांचे दोन्ही गुडघे घेऊन गेली. आता गिऱ्हाइकं नाहीत, पण गळ्यातली टेप काही उतरत नाही. मला तर वाटतं ते टेप घालूनच झोपतात.

दर रविवारी मालकीण अप्पांना टेकडीपलीकडे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायची. तिला सगळे आक्का म्हणतात. ऐंशीला टेकलेली, दोन खोल्यांत एकटी राहणारी, जिभेने धारदार. भाऊबहीण दुपारभर पत्ते खेळायचे आणि एकमेकांवर लबाडीचा आरोप करायचे. अप्पा माझ्याच डोक्यावरच्या सीटवर बसत. आक्काचं दार आलं की "हुप्प" म्हणून उठत आणि मी हलकी होऊन वर येई. परतीच्या वाटेवर त्यांचं वजन तेवढंच असायचं, पण हरून आले की जास्त वाटायचं.

सहा वर्षं अशी सुखात गेली. मग ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी जमिनीलगत बसलेली गाडी मालकिणीने पाहिली आणि आमचे ग्रह फिरले. ती घरी येऊन आमच्याकडे तोंड वाकडं करून बघायला लागली. चाक आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटं घालून म्हणाली, "चार बोटं जातात! गाडी आहे की उंटीण?"

काही दिवसांनी एक खोका आला. आत चार नव्या कोऱ्या स्प्रिंगा, आमच्याहून आखूड, आणि रंग लालभडक. सवती आल्या हे मी लगेच ओळखलं.

"किती खाली येणार गाडी?" अप्पांनी विचारलं.

"फार नाही अप्पा, फक्त दीड इंच."

"फक्त? अगं, पँट दीड इंच आखूड झाली तर गिऱ्हाईक भांडायला येतं."

"गाडीला कोण भांडणार?" मालकीण हसली. अप्पाही हसले. तेव्हा दोघांनाही काही कळलं नव्हतं.

मालकिणीच्या मावसभावाचं गॅरेज आहे. त्याच्या हातात कायम पाना असतो, म्हणून सगळे त्याला पानादादा म्हणतात. त्याने गाडी जॅकवर उचलली, चाकं काढली, मला दोन्ही बाजूंनी आकड्यांत धरून आवळत नेलं आणि वरचा नट सोडला. "लांब उभी राहा," तो मालकिणीला म्हणाला, "ही आत्ता निसटली तर छत फोडून जाईल." इतक्या वर्षांत माझ्याबद्दल आदराने बोललेलं ते पहिलं वाक्य, तेही मला काढून टाकताना.

माझ्या जागी लाल सवत बसली. पानादादा कामात चोख, पण मालकीण मोबाइल घेऊन फोटोसाठी उभी होती आणि "झालं का? झालं का?" चालू होतं. त्या घाईत त्याने चाकं हवेत लोंबकळत असतानाच खालचे बोल्ट करकचून आवळले. गाडी जमिनीवर टेकवावी, तिचं वजन चाकांवर येऊ द्यावं आणि मग आवळावं, अशी खरी रीत. नाहीतर सांध्यांतले रबराचे बुश पिळलेलेच अडकून बसतात आणि कुरकुरतात. मी जमिनीवर पडल्या पडल्या सगळं बघत होते, पण मला विचारतं कोण?

घरी आल्यावर माझ्या तिघी बहिणी पोत्यात बांधून माळ्यावर गेल्या. मला अप्पांनी उचललं. "ही दाराला लावायला बरी, वाऱ्याने सारखं आपटतं," म्हणाले. अशी मी शिवणाच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. दार अंगणात उघडतं आणि समोरच गाडी उभी असते. सवतीचा संसार रोज डोळ्यांदेखत.

पहिल्याच रविवारी दोघं आक्काकडे जाऊन आले. गाडी फाटकातून आत येताना "कुंईऽऽ" करत कण्हत होती. मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. मालकीण पिशव्या घेऊन घरात गेली आणि मग अप्पा उतरायला लागले. एक पाय बाहेर टाकला, दार धरलं, "हुप्प" म्हणाले आणि परत सीटवर बसले. पुन्हा "हुप्प", पुन्हा खाली. चौथ्या खेपेला कसेबसे उभे राहिले. कुणी पाहिलं नाही ना म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं होतं. माझी गंमत तिथेच संपली.

पुढच्या रविवारी अप्पा म्हणाले, "मी नाही येत. तुझी गाडी कण्हतेय. आजारी गाडीत मी बसत नाही."

मालकीण तडक गॅरेजमध्ये गेली. पानादादाने कपाळावर हात मारला, बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी करून दोनचारदा दाबली आणि पुन्हा आवळले. कण्हणं बंद. अप्पांची सबबही बंद.

"आता चला," ती त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली.

"नको. आक्काशी भांडण झालंय माझं."

"कशावरून?"

"ते आमचं आम्ही बघू."

ती एकटी कुठेतरी भटकून आली. त्याच्या पुढचे दोन रविवारही तसेच गेले. मोठ्यांच्या भांडणात आपण कशाला पडा, असं तिला वाटलं असावं.

खरं काय चाललं होतं ते फक्त मला ठाऊक. एका दुपारी लेक ऑफिसात असताना अप्पा टेप घेऊन गाडीपाशी गेले आणि जमिनीपासून सीटची उंची मोजली. आत येऊन त्यांनी भिंतीवर कापडाच्या खडूने लिहिलं: सीट सतरा. खोलीतलं लाकडी स्टूल भरलं साडेअठरा. मग करवत काढली आणि स्टुलाचे चारही पाय दीड दीड इंच कापले. शिंप्याचा हात, चारही तुकडे सारखे. कापड असो की लाकूड, कात्रण टाकायचं नाही ही त्यांची जन्माची सवय. तुकडे चिंध्यांच्या डब्यात गेले.

मग सराव सुरू झाला. स्टुलावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. जमलं की भिंतीवर खडूची एक रेघ. पहिल्या आठवड्यात भिंतीवर दोनच रेघा होत्या. हा माणूस तिन्ही त्रिकाळ अभ्यासाला बसल्यासारखा घाम गाळत होता, कशासाठी, तर बहिणीच्या दारात लेकीच्या गाडीतून ताठ उतरता यावं म्हणून. एकदा स्टूल दाराजवळ होतं आणि ते उठता उठता मागे कलले. घाईने हात पसरला, तो माझ्या डोक्यावर पडला. मी एके काळी गाडीचा पाव हिस्सा पेलला आहे, अप्पांचा एक तळहात मला काय जड! बेताने किंचित दबले आणि त्यांना वर लोटलं. ते उभे राहिले. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि मला परत दाराशी नीट ठेवलं. त्याची रेघ काही त्यांनी ओढली नाही.

मग पुढचा रविवार उजाडला. मालकीण अंगणात गाडी धूत होती. फोन वाजला. हात साबणाचे, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"तुझा बाप जिवंत आहे ना गं?" आक्काच.

"आहे की आत्या! पण तुमचं भांडण झालंय ना?"

"कुणी सांगितलं? आणि झालं तरी काय? सत्तर वर्षं भांडतेय मी त्याच्याशी. भांडण झालं की तो दुसऱ्या दिवशी हजर होतो, स्वतःची बाजू मांडायला." मग आवाज एकदम खाली आला. "दर रविवारी मी पत्ते पिसून ठेवते बाई. चार रविवार झाले, परत गोळा करून डब्यात घालते. माझं काही चुकलं असेल तर सांग म्हणावं."

मालकीण तशीच साबणाच्या हातांनी खोलीत आली. अप्पा स्टुलावर बसले होते. लेकीला पाहून उठायला गेले आणि उठता येईना. "बटण पडलंय, ते शोधतोय," असं म्हणून जमिनीकडे बघायला लागले.

तिने जमीन बघितली, बटण नव्हतं. स्टूल बघितलं, करवत बघितली. मग भिंतीवरचं "सीट सतरा" वाचलं आणि त्याखालच्या रेघा मोजल्या. आयुष्य मोजणीत गेलेली मुलगी ती, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. ती अप्पांसमोर फरशीवर बसली.

"मला सांगायचं ना, अप्पा."

"काय सांगू? इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा स्वतःच्या हौसेचं काही केलंस. फोटो काढून सगळ्या मैत्रिणींना पाठवलेस. त्यात मी कुठे उसवत बसू?"

"आत्या तिकडे पत्ते पिसून बसते. तिला वाटतंय तिचंच काहीतरी चुकलं."

अप्पा टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"आजच्या आज जुन्या स्प्रिंगा परत बसवून आणते," ती उठत म्हणाली.

काय सांगू तुम्हाला! माझं वेटोळं न् वेटोळं मोहरलं. सवतीची हकालपट्टी आणि मी माझ्या घरी!

"अजिबात नाही," अप्पा म्हणाले. "गाडी झकास दिसते. मापात बसली आहे, तिला हात लावायचा नाही. ती दाराची स्प्रिंग तेवढी इकडे सरकव."

तिने मला सरकवलं. अप्पांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि पहिल्याच "हुप्प"ला उभे राहिले.

लेक बघतच राहिली. "अहो, मग हिलाच गाडीतून न्यायचं ना बरोबर!"

"आणि आक्का काय म्हणेल? ती ऐंशीची, काठीला हात लावत नाही. आयुष्यभर चिडवेल मला."

"चिडवू दे. पत्ते खेळताना तुम्ही परतफेड करा."

अप्पांना हसू आलं आणि तिला रडू. दोन्ही एकदमच.

पानादादाला बोलावणं गेलं. त्याने माझ्या खाली रुंद फळी आणि वर गोल फळी पक्की बसवली. अप्पांनी वरच्या फळीसाठी कापूस भरून निळ्या कापडाची टोपी शिवली. गाडीशेजारी उभी करून पाहिलं तर मी थोडी बुटकी पडत होते. अप्पांनी टेप लावली. "दीड इंच कमी पडतोय," म्हणाले आणि स्वतःच थबकले. मग चिंध्यांचा डबा उघडला. स्टुलाचे कापलेले चार तुकडे माझ्या फळीखाली चार कोपऱ्यांना ठोकले गेले. गाडीचे गेलेले दीड इंच शेवटी मला मिळाले.

गाडीखाली परत जाणं नाही, म्हणून मी थोडी फुगून बसले होते, कबूल करते. पण त्याच दुपारी मालकिणीने मला अप्पांच्या पायांपाशी ठेवलं आणि आम्ही निघालो. जन्मात पहिल्यांदा मी गाडीत बसले होते! वाटेत एक खड्डा आला आणि तो झेलायला मी नव्हते. खाली माझ्या जुन्या जागेवर सवत राबत होती. स्वभावाने जरा कडक आहे, पण कामचुकार नाही, हे मला मान्य करावं लागलं.

आक्का दारातच उभी होती. मालकिणीने मला उतरवून जमिनीवर ठेवलं. अप्पांनी पाय बाहेर काढले, माझ्यावर हात ठेवला, "हुप्प" म्हणाले आणि ताठ उभे राहिले. मग मान खाली घालून बोलणी खायची वाट बघत राहिले.

आक्का भिंतीला हात लावत लावत पुढे आली. "हे काय आणलंस?"

"गाडीची जुनी स्प्रिंग. उठायला लागते मला."

आक्काने माझ्या टोपीवर तळवा ठेवला. एकदा दाबून पाहिलं, परत दाबून पाहिलं.

"अशी आणखी आहे का रे?"

"तीन आहेत. का?"

"सहा महिने झाले, मी पलंगाची कड धरून उठते. चिडवशील म्हणून बोलले नाही." मग ती एकदम खेकसली, "आणि एवढ्यासाठी चार रविवार बुडवलेस? चल आत, पत्ते पिसलेत!"

माझी पुढच्या उजव्या चाकावरची बहीण आता आक्काच्या पलंगाशी असते, लाल टोपी घालून. आयुष्यात प्रथम आम्ही एकमेकींचं तोंड पाहतो, दर रविवारी. मागच्या दोघी अजून माळ्यावर आहेत. कुणाच्या गुडघ्यांना गरज असेल तर जरूर कळवा.

तुमच्याकडे चांगली गाडी असेल तर ती हवी तेवढी खाली करा, मी आड येणार नाही. फक्त शेजारच्या सीटवर कोण बसतं ते आठवा, आणि त्या माणसाला एकदा उतरताना पाहा, पिशव्या घेऊन आधी घरात शिरू नका.

बरं, हॉर्न वाजला. आज रविवार आहे आणि अप्पा मला शोधतायत.